हॉर्न आणि अहो-जाहो

रस्त्यावर हॉर्न वाजवतो तो गाढव, असं ग्रंथपालांचं ठाम मत होतं आणि गाडी घेतल्या दिवसापासून ते त्यांनी पाळलं होतं. सगळी नोकरी वाचनालयात गेलेली. कोणी खुर्ची ओढली तरी चष्म्यावरून बघायचं, ही हाडात मुरलेली सवय. निवृत्तीनंतर वाचनालय सुटलं, पण चष्म्यावरून बघणं काही सुटलं नाही. गाडीपुढे कुत्रं आडवं आलं तर ते थांबायचे. कुत्र्याला सवड होईल तेव्हा ते जाईल, आपल्याला कुठे कोर्टात हजर व्हायचंय! लेकीलाही त्यांनी हेच बाळकडू पाजलं होतं. लहान असताना ती मागच्या सीटवरून प्रत्येक हॉर्नवाल्याकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "बाबा, अजून एक गाढव." बाबा आरशात बघून कौतुकाने मान डोलवायचे.

आता त्याच तत्त्वाने त्यांना खिंडीत गाठलं होतं. गाडी जुनी, तिची दरवर्षी तपासणी व्हायची. मुदतीच्या आत पास झाली तर ठीक. मुदत टळली तर एवढ्या जुन्या गाडीला दुसरी संधी नव्हती, सरळ भंगारात. मिळाली ती तारीख नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची, आणि आदल्या संध्याकाळी शेजारी सहज बोलून गेला, "ते लोक आधी हॉर्न वाजवून बघतात हं." ग्रंथपाल खाली गेले, इकडेतिकडे कोणी नाही असं बघून त्यांनी चोरासारखं बटण दाबलं. आवाज नाही. दुसऱ्या बाजूचं दाबलं. तिथेही शुकशुकाट.

गाडी म्हणजे काही त्यांची हौस नव्हती. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, आणि डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलेलं. तलाव गावाच्या दुसऱ्या टोकाला. रोज सकाळी ग्रंथपाल तिला तिथे न्यायचे, काठावरच्या बाकावर पेपर वाचायचे, आणि ती पाण्यातून न लंगडता चालताना दिसली की पेपर तसाच मांडीवर राहायचा. गाडी गेली तर हे सगळं गेलं. जावई तर पंधरा दिवसांपूर्वीच म्हणाले होते, "कशाला ती जुनी गाडी सांभाळताय? शनिवार-रविवार मी नेत जाईन ना आईंना!" गुडघ्यांना शनिवार-रविवार कळत नाही, हे ग्रंथपालांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जावयाला कोण बोलणार? ते म्हणाले होते, "बघू या, तुमची सोय असेल तसं." आणि रात्रभर त्या 'सोय' शब्दावर कूस बदलत राहिले होते.

तर तेच जावईबापू तपासणीच्या दिवशी सकाळी रजा टाकून दारात हजर. लेकीने त्यांना हॉर्नचं सांगितलं होतं. हातात अवजारांची कोरी पेटी, तिच्यावरचं किमतीचं लेबल तसंच.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात?" ग्रंथपाल म्हणाले.

"छे छे, त्रास कसला, बाबा!"

या घरात सासरा-जावयाचं बोलणं लग्नापासून असंच चाललं होतं. एकाने 'तुम्ही कशाला' म्हणायचं, दुसऱ्याने 'छे छे'. जावईबापू कुठल्याशा कंपनीत माणसांना काहीतरी शिकवत. काय शिकवत, ते ग्रंथपालांनी लग्नाच्या वेळी विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी विचारणं बरं दिसलं नसतं.

आधी दोघं कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. त्याच्याकडे ही झुंबड. एका गाडीखालून बाहेर येऊन दुसरीखाली जाण्याआधी त्याने यांना मधला वेळ दिला.

"कधीपासून बंद आहे?"

"सांगता येणार नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"शेवटचा कधी वाजला होता?"

"आठवत नाही."

"अंदाजे?"

ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे विचार केला. "अंदाजे... मी वाजवतच नाही हो."

मेकॅनिकने जावयाकडे बघितलं. जावईबापू मागच्या टायरकडे बघत होते, जणू त्या टायरमध्ये काही लिहिलेलं होतं. मेकॅनिकने बोनेट उघडून आतल्या एका काळ्या डबीवर बोट ठेवलं आणि ग्रंथपालांना बटण दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं.

"हा रिले. बटण दाबलं की इथे टक् असा आवाज यायला पाहिजे. येत नाही. म्हणजे बटणाचा निरोपच इथवर पोचत नाही. स्टिअरिंगच्या आतली पट्टी गेलीय. स्टिअरिंग उतरवावं लागणार. या गाडीचा माल इथे मिळत नाही, मागवावा लागेल. आठवडाभर धरून चाला."

खर्चाचा आकडा त्याने परत गाडीखाली जाताजाता सांगितला. नाकापेक्षा मोती जड! तेवढ्यात अख्खी गाडी आली असती, फार तर चाकं वेगळी घ्यावी लागली असती. पण ग्रंथपालांना धास्ती बसली ती आकड्याची नाही, आठवड्याची. तपासणी चार वाजता होती.

"आपण घरीच बघू या, बाबा," जावईबापू घाईने म्हणाले. "स्टिअरिंग वगैरे काही नसणार. साधंच असेल काहीतरी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज हो. नुसता अंदाज."

घरी येऊन अंगणात गाडी उभी केली आणि जावईबापूंनी मोबाइल काचेला टेकवून ठेवला. पडद्यावर एक टोपीवाला माणूस हॉर्न दुरुस्त करत होता. त्याची गाडी वेगळी, हॉर्न वेगळा आणि घाईही वेगळीच. तो म्हणाला, आधी फ्यूज बघा. जावईबापूंनी फ्यूजच्या पेटीचं झाकण काढलं. झाकणावरचा नकाशा पुसून गेलेला. मग त्यांनी एकेक फ्यूज उपटायला घेतला. गाडीतलं घड्याळ बंद पडलं. वायपर बंद पडले. आतला दिवा गेला. हॉर्न काही आणखी बंद पडू शकत नव्हता, म्हणून तो तेवढा वाचला.

ग्रंथपाल शेजारी छत्री धरून उभे होते. जावयाला उन्हात एकटं टाकून आत बसणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

"तुम्ही आत बसा ना, बाबा. ऊन आहे," जावईबापू म्हणाले.

"छे छे, तुम्ही उन्हात आणि मी आत?"

फ्यूज एकेक करून परत बसले. त्यातला एक बसताना काळ्या डबीतून टक् असा आवाज आला.

"आवाज आला," ग्रंथपाल म्हणाले. "मेकॅनिक म्हणाला तो, टक्!"

"तो फ्यूज बसल्याचा, बाबा."

उंटावरचा शहाणा, ग्रंथपाल मनात म्हणाले. तोंडाने म्हणाले, "असेल, असेल. तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

त्यानंतरचा तास ग्रंथपालांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. जावयाने तांब्याच्या वायरीची टोकं पॉलिश पेपरने घासली. बॅटरीचं व्होल्टेज मोजलं. बॅटरी अशक्त निघाली. मध्यंतरीपासून ती सकाळी-सकाळी रुसायला लागली होती आणि ग्रंथपालांनी ते तिच्या वयावर ढकललं होतं. पण बॅटरीने हॉर्न कसा जाईल? दिवे तर लागत होते! टोपीवाला आता म्हणाला, हॉर्नपर्यंत वीज पोचते का ते बघा. बऱ्याचदा तिथली वायरच निघालेली असते. हॉर्न पुढच्या जाळीमागे होता. ग्रंथपाल वाकून जाळीकडे बघू लागले, तर जावईबापू एकदम मध्ये आले.

"तिकडे नको बघायला. हॉर्न चांगला आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे... दिसतोय ना चांगला. बाबा, मला जरा प्यायला पाणी मिळेल का?"

ग्रंथपालांनी तिथूनच बायकोला हाक मारली. पाणी आलं. थोड्या वेळाने जावईबापूंना मोठा स्क्रूड्रायव्हर हवा झाला. तोही बायकोनेच खिडकीतून दिला. मग त्यांना जुन्या टूथब्रशची गरज पडली, मग चिंधीची, मग खोबरेल तेलाची. दर खेपेला ते आशेने घराच्या दाराकडे बघत आणि दर खेपेला ग्रंथपाल छत्री या हातातून त्या हातात घेऊन तिथेच उभे. यजमान हलेना आणि पाहुणा बोलेना.

आणि उभ्या-उभ्या ग्रंथपालांच्या डोक्यात एक वाईट विचार शिरला. हा माणूस मुद्दाम वेळ काढतोय. हॉर्नकडे जाऊ देत नाही, फ्यूज उपसत बसलाय, तेल मागतोय. चार वाजायची वाट बघतोय. गाडी भंगारात गेली की शनिवार-रविवार हा येणार, मोठेपणाने आईंना नेणार, आणि बाकीचे दिवस आई खिडकीत बसणार. विचार इतका हलका होता की त्यांची त्यांनाच शरम वाटली. पण घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि शरमेपेक्षा राग वर येत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"तुमचं सावकाश चालू द्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका गोड होता की बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. हा गोडवा कशाच्या आधी येतो ते तिला चांगलं माहीत होतं.

"अहो, आत या बघू," ती म्हणाली. "गाडीची कागदपत्रं कुठे ठेवलीत ती सापडत नाहीयेत."

ग्रंथपालांना नाइलाजाने आत जावं लागलं. कागदपत्रं टेबलावर समोरच होती.

"ही काय!" ते म्हणाले.

"दिसली मला. तुमचा चेहरा बघून बोलावलं. दोन घोट चहा घ्या. त्या बिचाऱ्यावर चिडू नका."

"मी चिडलेलो नाही."

"तेच म्हणतेय. चिडलेले असता तर मला काळजी नव्हती."

ग्रंथपालांनी कप उचलला, आणि नेमका त्याच वेळी बाहेर हॉर्न वाजला.

वाजला म्हणजे काय, वाजतच राहिला! एकसुरी, कर्कश, मध्ये श्वास घेणं नाही. इतक्या वर्षांचं सगळं न वाजलेलं एकदम बाहेर पडत होतं. ग्रंथपालांचा चहा सदऱ्यावर. ते धावत बाहेर आले तेव्हा समोरच्या घरातली माणसं गॅलरीत, शेजारी कुंपणाशी, रस्त्यातला सायकलवाला एक पाय टेकून उभा. जावईबापू जाळीमागे हात घालून घामाघूम.

"वाजला!" ग्रंथपाल क्षणभर आनंदाने ओरडले. मग म्हणाले, "पुरे! बंद करा!"

"काय?"

"बंद करा म्हणतो!"

"होत नाहीये!"

"वायर काढा!"

"निघत नाहीये! पक्कड आत पडली!"

चाळीस वर्षं खुर्ची ओढल्याचा आवाज न खपवून घेतलेला माणूस! त्याच्या अंगणातून हा गोंगाट सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. ग्रंथपाल दार उघडून गाडीत घुसले, त्यांनी स्टिअरिंगवर एक गुद्दा हाणला, मग दुसरा. हॉर्न ढिम्म. आणि मग जे लग्नापासून घशात अडकलं होतं ते सुटलं.

"अरे गाढवा!" ते काचेतून किंचाळले. "बंद करता येत नाही तर लावलीस कशाला वायर?"

"कारण मीच..." जावयाचं पुढचं ऐकूच आलं नाही.

"काय?"

"मीच!"

"मोठ्याने बोल की गाढवा!"

ग्रंथपालांनी रागाच्या भरात स्टिअरिंगवरचं कव्हर दोन्ही मुठींत धरून उपटून टाकावं तसं ओढलं. आणि जावईबापूंनी छाती भरून श्वास घेतला.

हॉर्न थांबला.

"मीच काढली होती ती वायर! मागच्या महिन्यात! आणि तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही!"

हे वाक्य संपूर्ण शांततेत सगळ्या गल्लीने ऐकलं. सायकलवाल्याने दुसराही पाय टेकला.

ग्रंथपाल कव्हर धरूनच बसले होते. त्यांनी मूठ सैल केली. हॉर्न वाजला. परत ओढलं. थांबला. सोडलं, वाजला. ओढलं, थांबला.

"अगं," ते गाडीतूनच म्हणाले, "हे तुझं कव्हर बघ."

बायको काठी टेकत आली. स्टिअरिंगचं कव्हर तिनेच शिवलेलं, जाड सुती कापडाचं, हाताला घाम आला तरी न निसटणारं. चाकाच्या कडेला आणि दोन्ही दांड्यांच्या टोकांना ते घट्ट लपेटलेलं, आणि त्याच दांड्यांवर हॉर्नची दोन बटणं. तिने कापडाची कड नखाने उचलून बघितली. एका बाजूची कड बटणावर चढून त्याला दाबून बसली होती.

"हे आटलंय," ती म्हणाली. "मी शिवलं तेव्हा चांगलं दोन बोटं मागे होतं. कोणी धुतलं हे?"

जावईबापू जमिनीकडे बघत म्हणाले, "आम्ही. गरम पाण्यात."

मग सगळं बाहेर आलं. मागच्या महिन्यात जावयाची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून तलाव साफसफाईसाठी बंद होता तेवढे दिवस त्यांनी सासऱ्यांची गाडी नेली होती. परत द्यायची तर स्वच्छ करून द्यावी, नुसती कशी द्यायची, म्हणून दोघांनी गाडी धुतली. आईंनी शिवलेलं कव्हर मळलं होतं, तेही धुतलं. जावयाने ते ओलंच ओढूनताणून चढवलं. सकाळी ऊन आलं, कापड वाळून आवळलं, आणि गाडीत कोणी नसताना हॉर्न सुरू.

"सगळी इमारत खिडकीत," जावईबापू म्हणाले. "ही बाथरूममधून ओरडली, 'कोण गाढव आहे ते बघ रे!' मी म्हटलं, बघतो. खाली जाऊन पकडीने वायर उपटली. म्हटलं, दुपारी दुरुस्त करून आणू. तर दुपारी तुम्हीच गाडी न्यायला आलात."

"मग तेव्हा सांगायचं!"

"तुम्ही दारातच म्हणालात, 'गाडीने काही त्रास नाही ना दिला?' माझ्या तोंडून गेलं, 'छे छे.' एकदा छे छे म्हटल्यावर पुढे काय बोलणार, बाबा? आणि वाटलं, तुम्ही कुठे हॉर्न वाजवता! कळणारच नाही. तपासणीचं डोक्यातच आलं नाही. काल हिने सांगितलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. आज म्हटलं, तुमची नजर चुकवून वायर लावून टाकू, तर तुम्ही छत्री धरून हलेनात."

"अरे, तुला ऊन लागू नये म्हणून उभा होतो मी!"

"तेच तर!"

ग्रंथपालांना हसावं की ती अवजारांची पेटी फेकून मारावी ते कळेना. म्हणजे इतके दिवस बटण अहोरात्र दाबलेलंच होतं. दाबलेलं बटण दाबून रिले टक् कसा करणार? मेकॅनिकला वाटलं बटणाचा निरोप पोचत नाही. तो तर महिनाभर अखंड पोचत होता, ऐकणाराच तोडलेला होता. बॅटरी रुसत होती तीही त्यामुळेच. स्टिअरिंग उतरवायला नको, माल मागवायला नको. सगळा बिघाड सौजन्याचा होता.

बायको घरातून तिची शिवणाची कात्री घेऊन आली. दोन्ही दांड्यांवरचे टाके तिने उसवले, कापड बटणांपासून चांगलं मागे कापलं आणि कड दुमडून तिथेच चार टाके घातले. तोवर ग्रंथपाल कव्हर धरून बसले होते. टाका संपल्यावर ती म्हणाली, "सोडा आता." त्यांनी भीतभीत सोडलं. शांतता. बटण दाबलं. वाजला. सोडलं. थांबला. गॅलरीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, ते ग्रंथपालांना अजिबात आवडलं नाही.

एवढ्या मोठ्या दुरुस्तीला एक हातभर दोरा लागला.

"निघा लवकर," बायको म्हणाली. "आणि सदरा बदला, चहा सांडलाय."

"वेळ नाही," असं म्हणून ग्रंथपालांनी किल्ली फिरवली. "तू बस रे शेजारी." आपण 'तू' म्हणालो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फाटक ओलांडून झालं होतं. आता परत 'तुम्ही'वर जायचं म्हणजे रिव्हर्स घेण्यासारखं होतं.

तपासणी केंद्रावर त्यांची गाडी रांगेत शेवटची. खाकी सदऱ्यातल्या तपासनीसाने खिडकीशी वाकून सांगितलं, "हॉर्न." ग्रंथपालांनी बटणाला नुसतं बोट लावलं. पिटुकला आवाज निघाला, वाचनालयात कोणी खोकून माफी मागावी तसा.

"नीट वाजवा. लाजताय काय?"

ग्रंथपालांनी जावयाकडे बघितलं, डोळे मिटले आणि बटण दाबून धरलं. तपासनीस दचकून मागे सरकला, मग कानात बोट फिरवत पुढच्या काचेवर वर्षभराचा कागद चिकटवून गेला. ग्रंथपाल त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. उद्या सकाळी तलाव. परवाही. मंगळवारी, बुधवारी, त्यांना हवं तेव्हा.

परतीच्या रस्त्यावर ते जावयाला घरी सोडायला निघाले. चिडचिड ओसरल्यावर ग्रंथपालांना अंगणातला आपला तो हलका विचार आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"बाबा," जावईबापू म्हणाले.

"बोल."

"तुम्ही मला गाढव म्हणालात."

"हो, ते रागाच्या भरात गेलं तोंडून. मनावर घेऊ..."

"तसं नाही. आमचे वडील गेल्यापासून मला कोणी गाढव म्हटलं नव्हतं." जावई खिडकीबाहेर बघत होता. "मी आलो की तुम्ही खुर्ची पुसून देता. मी उठलो की तुम्ही उठता. इतक्या वर्षांत एकदा आवाज चढवला नाहीत. मला वाटायचं, या घरात मी जन्मभर पाहुणाच राहणार. पाहुणा कसा सांगेल की तुमची गाडी मी बिघडवली? म्हणून ते शनिवार-रविवारचं बोललो. म्हटलं, निदान तेवढी तरी भरपाई."

आपण मान म्हणून देत होतो, आणि याच्या ताटात तो शिक्षा म्हणून पडत होता. काहीतरी मोठं बोलावं असं ग्रंथपालांना फार वाटलं, पण आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या माणसाला वेळेवर शब्द कुठून सुचणार?

"मला एक सांग," शेवटी ते म्हणाले. "तू नक्की काम काय करतोस रे?"

जावई त्यांच्याकडे वळून बघतच राहिला. "तुम्हाला माहीत नाही?"

"विचारायचं राहून गेलं."

"मी लोकांना शिकवतो," जावई म्हणाला आणि त्याला हसू फुटायला लागलं. "कंपनीतल्या माणसांना. वरिष्ठांशी न घाबरता, मोकळेपणाने कसं बोलायचं, ते."

ग्रंथपालांना गाडी कडेला घ्यावी लागली. हसून-हसून दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागून एकाने हॉर्न वाजवला, तर त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचंही ते विसरले.

लेकीच्या इमारतीखाली गाडी थांबली. जावई दार उघडून उतरायला लागला तसं ग्रंथपालांनी त्याचा हात धरला.

"थांब. तिला खाली बोलावू या. आईकडेच चला दोघं जेवायला."

"मी वर जाऊन सांगतो ना. तुम्ही कशाला..."

"अंहं," ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं. चांगलं सणसणीत, तपासनीसाला ऐकवलं होतं त्याच्या दुप्पट. मग अजून एकदा.

वरची खिडकी खाडकन उघडली. लेकीचं डोकं बाहेर आलं, केस विंचरायचे राहिलेले, हातात पेन, आणि बापाने शिकवलेलं सगळं तोंडावर तयार.

"कोण गाढव आहे रे खाली?"

ग्रंथपालांनी गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"दोघं आहोत," ते ओरडले. "उतर लवकर!"